नातं तोडलं, पण हिशोब कोण बदलणार?

जालना म्हणजे बियाण्यांचं गाव; १९६४ साली महिको इथंच सुरू झाली. म्हणून आजचं उदाहरण बियाण्यांचंच.

समजा, तुम्ही ठोक व्यापाऱ्यासाठी सॉफ्टवेअर बनवताय. एक दुकानदार अनेक कंपन्यांचा माल घेतो, एका कंपनीचा माल अनेक दुकानदारांकडे जातो. हे झालं मेनी-टू-मेनी नातं. रेल्समध्ये मधे ‘करार’ हे मॉडेल ठेवलं. प्रत्येक करारात उधारीची मर्यादा. करार मोडला की दुकानदाराची एकूण मर्यादा कमी करायचं काम ‘आफ्टर डिस्ट्रॉय’ कॉलबॅककडे.

आता दुकानदाराच्या यादीतून कंपनी ‘डिलीट’ने काढली तर? करार जातो, पण कॉलबॅक चालतच नाही. रेल्स थेट टेबलमधली ओळ पुसतं. फॉर्ममधली टिक काढून सेव्ह केलं तरी तेच. मर्यादा जुनीच राहते आणि ऐन पेरणीत जास्तीची उधारी जाते. फटका व्यापाऱ्याला!

उपाय:

१. ‘डिलीट’ऐवजी ‘डिस्ट्रॉय’ वापरा. घाबरू नका, ‘थ्रू’ नात्यात फक्त करार जातो, कंपनी शाबूत राहते.

२. त्याच ‘थ्रू’ नात्यावर ‘डिपेंडंट डिस्ट्रॉय’ लिहा. मग टिक काढली तरी कॉलबॅक चालतो.

३. ‘हॅज अँड बिलाँग्ज टू मेनी’ असेल, तर मधलं मॉडेल आपण लिहिलेलंच नसतं. तिथं ‘आफ्टर रिमूव्ह’ लावा.

गृहपाठ: ५०,००० आणि ३०,००० चे दोन करार करा, पहिला काढा. एकूण ३०,००० दिसलं तर बरोबर. ८०,००० दिसलं तर ग्राहकाला देण्याआधी थांबा, कोड दुरुस्त करा!