सुटीतील अभ्यास : शंकू, सावली आणि घटिका

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे घरातील वडील मंडळींस दोन चिंता पडतात. मुले उन्हात हिंडून आजारी पडतील ही एक, आणि दिवसभर मोबाइल पाहत कोपऱ्यात बसतील ही दुसरी. त्यावर तोड म्हणून पुष्कळ पालक मुलांस शिबिरांत घालतात. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या मुलास ‘असे का?’ म्हणून विचारण्याची सवय आहे, त्यास मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात : रोज पाहण्याजोगे काही तरी, आणि पाहिलेले निवांतपणे ऐकून घेणारे एक माणूस. प्रश्न विचारणाऱ्या मुलास चार वेळा गप्प बसविले की पाचव्या वेळी ते विचारीतच नाही. आणि पुढे दहावीत गेल्यावर ‘तू वर्गात काही विचारीत कसा नाहीस?’ असे आपणच त्यास बोलतो.

प्रस्तुत पाठात बेळगाव व त्याच्या आसपास राहणाऱ्या मुलांकरिता सुटीचा एक अभ्यास सांगितला आहे. यास खर्च जवळजवळ नाही. आठ वर्षांपुढील कोणतेही मूल तो करू शकेल.

१. शंकू व दिक्साधन

अंगणात, गच्चीवर किंवा देवळाच्या आवारात सपाट जागा निवडावी. तेथे एक सरळ काठी अशी रोवावी की, तिचा जमिनीवरील भाग बरोबर १०० सेंटीमीटर राहील. दोऱ्यास दगड बांधला की ओळंबा झाला. त्याने काठी सरळ उभी आहे की नाही हे पाहून घ्यावे. हाच आपला शंकू.

शंकूच्या बुडाभोवती ५० सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ खडूने काढावे. सकाळी सावली लांब असते व ती हळूहळू आखडत येते. तिचे टोक वर्तुळास शिवून आत शिरते, तेथे एक खूण करावी. दुपारनंतर टोक पुन्हा वर्तुळाबाहेर पडते, तेथे दुसरी खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा होय. तिच्याशी काटकोन करून शंकूच्या बुडातून जाणारी रेघ ती दक्षिणोत्तर. यज्ञवेदी आखण्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ही रीत सांगितलेली आहे. होकायंत्र न घेता मुलास दिशा सापडते, आणि ती आपल्या हाताने सापडल्यामुळे ते विसरत नाही.

२. मध्यान्हीची सावली

सावली दक्षिणोत्तर रेषेवर आली म्हणजे मध्यान्ह झाली. येथे मूल पहिला प्रश्न विचारील : ‘घड्याळात बारा तर केव्हाच वाजले!’ हा प्रश्न उत्तम आहे. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश रेखांशावरची आहे व बेळगाव सुमारे ७४½ अंशांवर आहे. सूर्यास एक अंश ओलांडण्यास ४ मिनिटे लागतात. म्हणून ८ अंशांस ३२ मिनिटे. ऋतुमानाप्रमाणे यात काही मिनिटांचे अंतर पडते. तरी सुटीच्या दिवसांत येथील खरे मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते.

त्या वेळी सावलीची लांबी रोज मोजून वहीत लिहावी. १५ एप्रिलच्या सुमारास ती सुमारे ११ सेंटीमीटर, उत्तरेकडे पडलेली दिसेल. २५ एप्रिलला ती ५ सेंटीमीटरांवर येईल. ४ मेच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली शंकूच्या बुडाशीच लुप्त होईल. यानंतरची गंमत मुलांस मुळीच आधी सांगू नये. १५ मेला सावली पुन्हा सुमारे ५ सेंटीमीटर असेल, मात्र दक्षिणेकडे! सूर्य आपल्या उत्तरेस गेला, हे मुलास सावलीच सांगेल. ऑगस्टमध्ये ८-९ तारखेच्या सुमारास तो परतताना पुन्हा डोक्यावर येतो. पण पावसाळी ढगांमुळे तो योग बहुधा हुकतो.

३. ग्वाल्हेरचे पत्र

आपल्यापैकी अनेकांचे आप्त ग्वाल्हेर-इंदूरकडे आहेत. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे शंकूची मध्यान्हीची सावली वर्षात कधीही नाहीशी होत नाही. तेथील मावसभावास अथवा आतेबहिणीस मुलाने स्वतः मराठीत पत्र लिहून, ४ मे रोजी अशाच शंकूची सावली मोजण्यास सांगावे. तेथे मध्यान्ह सव्वाबाराच्या सुमारास होईल व सावली सुमारे १८ सेंटीमीटर भरेल.

उत्तर आले की कागदावर १० सेंटीमीटर उभी व १.८ सेंटीमीटर आडवी रेघ काटकोनात काढून टोके जोडावीत. वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजावा. तो साधारण साडेदहा अंश येईल. पृथ्वीच्या ३६० अंशांपैकी इतके अंश या दोन गावांमध्ये आहेत. नकाशावर दोहोंमधील अंतर मोजावे; मात्र तिरपे नव्हे, केवळ दक्षिणोत्तर मोजावे. ते सुमारे ११५० किलोमीटर आहे. ३६० भागिले साडेदहा म्हणजे ३४.३, त्यास ११५० ने गुणिले की पृथ्वीचा परीघ ३९,४०० किलोमीटरांच्या घरात येतो. खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. काठी, दोरा आणि पत्र एवढ्या सामग्रीने शंभरात दीडचीच चूक! इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनीस या विद्वानाने याच युक्तीने पृथ्वी मोजली होती.

४. घटिकापात्र

दुपारी ऊन कडक असते. तेव्हा सावलीत बसून करण्याजोगा उद्योग हा : हलक्या वाटीच्या तळाला बारीक छिद्र पाडून ती बादलीतील पाण्यावर सोडावी. पाणी आत शिरत जाऊन ती बुडते. बुडण्यास २४ मिनिटे लागली तर ती बरोबर एक घटिका. लवकर बुडाली तर छिद्र मेणाने थोडे लिंपावे. उशीर लागला तर ते किंचित मोठे करावे. अहोरात्रात अशा ६० घटिका होतात व दोन घटिकांचा एक मुहूर्त. पूर्वी विवाहाची वेळ अशाच पात्रावर साधीत. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती पात्रात वाकून पाहत असता तिच्या अलंकारातील मोती पडून छिद्र बुजले व मुहूर्त टळला, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाच्या ग्रंथात छायाव्यवहार, म्हणजे सावलीचे गणित, आहे हेही मुलांस सांगावे.

शुक्ल पक्षात संध्याकाळी चंद्र पाहून पंचांगातील तिथीशी ताडावा. पौर्णिमेनंतर चंद्रोदयास दररोज साधारण दोन घटिका उशीर होतो. तो मोजण्यास हेच पात्र कामास येईल.

पालकांस सूचना

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये. पाहावयाची ती सावली. उन्हात पाच मिनिटांहून अधिक उभे करू नये, डोक्यास टोपी असावी, आणि आधी पाणी प्यावे. वही मराठीत लिहवावी. इतर माध्यमांतून शिकणाऱ्या आपल्या मुलांस मराठी केवळ जेवणाखाणाची भाषा होऊन राहू लागली आहे. तीच भाषा मोजण्यास व विचार करण्यासही पुरते, हे त्यांच्या अनुभवास यावे. आकडा चुकला तर खोडू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजू द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘चल, पाहू या’ म्हणावे. याने पालकांचा मान कमी होत नाही, वाढतोच.

स्वाध्याय

(१) २८ मेला सावली कोणत्या दिशेस व किती पडेल, याचा आधी अंदाज लिहा व मग मोजा.
(२) हैदराबाद सुमारे ७८½ अंश रेखांशावर आहे. तेथे मध्यान्ह आपल्या आधी किती मिनिटे होईल?
(३) शंकू दुप्पट उंच केला तर सावलीचे काय होईल? आणि कोनाचे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने आपणहून शोधून काढले, तर त्याची सुटी सार्थकी लागली असे खुशाल समजावे.