हौदावरील जाळी

ज्या वस्तू रोज आपल्या डोळ्यांसमोर असतात, त्यांकडेच आपलें लक्ष सर्वांत कमी असतें. ह्याचा दाखला शोधावयास आम्हांस फार दूर जावें लागलें नाहीं. तो आमच्या अंगणांतच मिळाला.

आम्ही चारठाण्यास राहतों. नळास पाणी रोज येत नाहीं, म्हणून अंगणांत एक लहानसा हौद आहे. त्यावर लांकडी चौकट असून तिला बारीक तारेची जाळी मारलेली आहे. साठविलेलें पाणी झांकून ठेवावें हा धडा शिकवितांना आम्ही ह्याच हौदाचें उदाहरण मोठ्या अभिमानानें देत असूं. एका पावसाळ्यांत आमच्या गल्लींत तापाची साथ आली. शेजारची एक चिमुरडी डेंग्यूनें आठ दिवस अंथरुणास खिळली. त्याच सुमारास सातवीचा एक विद्यार्थी वही नेण्यास आमच्या घरीं आला. हौदावर वांकून त्यानें पाहिलें आणि भीत भीत म्हणाला, "सर, तुमच्या हौदांत अळ्या आहेत."

आम्ही धांवत गेलों. चौकटीच्या एका कोपऱ्याला जाळी गंजून गळून पडली होती; भोंक अंगठ्याएवढेंच होतें. ईश्वरकृपेनें ती मुलगी बरी झाली. तिला चावलेला डांस आमच्याच हौदांतला होता कीं नाहीं, हें कोणीच सांगूं शकणार नाहीं. पण तो आमचा नव्हता, असें म्हणण्याचें धैर्यही आम्हांस झालें नाहीं.

त्या दिवशीं एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. फाटकी जाळी ही जाळी नसण्यापेक्षां वाईट. उघडा हौद सर्वांना दिसतो, त्यांत कोणीही डोकावतो व अळ्या दिसतांच तो उपसतो. झांकलेल्या हौदावर मात्र सर्वांचा विश्वास असतो, म्हणून त्यांत कोणी पाहत नाहीं.

डांस आणि ताप ह्यांचा संबंध जगाला फार उशिरां कळला. सर रोनाल्ड रॉस ह्यांनीं 20 ऑगस्ट 1897 रोजीं सिकंदराबाद येथें डांसाच्या जठराच्या भिंतींत हिवतापाचे जंतु पाहिले. 1902 सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. सिकंदराबाद हें त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें, आणि आपला परभणी जिल्हाही 1948 पर्यंत त्याच राज्यांत होता. तेव्हां हा शोध एका अर्थी आपल्याच अंगणांतला होय. पुढें 1900 सालीं डॉ. सँबन व डॉ. लो ह्यांनीं इटलींतील ऑस्टिया येथील दलदलींत जाळी लावलेल्या झोंपडींत मुक्काम केला. दिवसा ते बाहेर हिंडत, सूर्यास्तापूर्वीं आंत येऊन दार लावून घेत. भोंवतालच्या लोकांना हिवताप येत असतां हे मात्र निरोगी राहिले. हवेचा दोष नव्हे, पाण्याचा दोष नव्हे; डांस आडविला कीं ताप आडला, हें त्यावरून सिद्ध झालें.

डेंग्यूचा डांस एडिस जातीचा. त्याला गटार नको, स्वच्छ पाणीच आवडतें. आणि तो दिवसा चावतो. उष्ण हवेंत त्याच्या अंड्यापासून उडणारा डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यांतून एक दिवस भांडीं कोरडीं करण्यास सांगतात. त्याचीं अंडीं भिंतीला चिकटून कोरडींही कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळें नुसतें पाणी उपसून भागत नाहीं, हौदाच्या भिंती ब्रशानें घासाव्या लागतात.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. भोंक एक-दोन बोटांचें असून बाकीची जाळी भक्कम असेल, तर ठिगळ चालतें. भोंकापेक्षां चारी बाजूंनीं एक इंच मोठा तुकडा कापावा, त्याच्या कडेचे आडवे धागे काढून उभ्या तारा मोकळ्या कराव्या, त्या जुन्या जाळींतून ओंवून मागें दुमडाव्या. परंतु बोटानें दाबतांच जाळीचा चुरा होत असेल, तर ठिगळाचा मोह सोडावा. गंजलेल्या जाळीला ठिगळ लावलें तर शेजारीं दुसरें भोंक पडतें.

सगळी जाळी बदलावयाची असल्यास प्रथम चौकट उतरवून सपाट जागीं ठेवावी. कडेच्या लांकडी पट्ट्या पटाशीनें हलकेच उचकटाव्या, म्हणजे त्या पुन्हां उपयोगीं पडतात. जुने खिळे पकडीनें एकूणएक काढावे. लांकूड घासून त्यास जवसाचें तेल द्यावें व तें पुरतें वाळूं द्यावें. चौकट तीन फूट लांब व दोन फूट रुंद असेल, तर जाळी प्रत्येक बाजूस दोन इंच जास्त, म्हणजे तीन फूट चार इंच व दोन फूट चार इंच कापावी. कडा दुमडून प्रथम एका बाजूच्या मध्यावर खिळा ठोकावा व तेथून दोन्ही कोपऱ्यांकडे जावें. मग समोरची बाजू ताणून तशीच ठोकावी, शेवटीं उरलेल्या दोन. कोपऱ्यापासून आरंभ केल्यास जाळीला सुरकुती पडते. फार ताणल्यास चौकट वांकडी होते. नंतर पट्ट्या बसवाव्या व बाहेर उरलेल्या तारा कापून टाकाव्या, म्हणजे मुलांच्या हातांस त्या लागणार नाहींत.

जाळी घेतांना एका इंचांत सोळा ते अठरा धागे मोजून घ्यावे. साधी लोखंडी जाळी स्वस्त, पण ओलाव्यानें लवकर गंजते. प्लास्टिकची जाळी गंजत नाहीं, मात्र उन्हांतील अतिनील किरणांनीं ठिसूळ होते. स्टेनलेस स्टीलची महाग, पण पुष्कळ टिकते. पितळी जाळी लोखंडी खिळ्यांनीं ठोकूं नये. दोन धातु ओलाव्यांत एकत्र आल्यानें लोखंड झपाट्यानें गंजतें. ह्याचें कारण वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या रसायनशास्त्रांत शोधावें.

काम झाल्यावर झांकण उन्हाकडे धरून पाहावें. मग तें हौदावर बसवून चौकट व कांठ ह्यांमधील फट तपासावी आणि तेथें रबराची पट्टी लावावी. जादा पाणी वाहून जाण्याच्या नळीच्या तोंडासही जाळी बांधावी. बहुतेकांना तिचाच विसर पडतो. आपल्या गांवच्या जुन्या बारवेसारख्या मोठ्या उघड्या पाण्याला जाळी लावतां येत नाहीं. तेथें अळ्या खाणारे गप्पी मासे हा उपाय.

पवित्र शास्त्रांत नहेम्याच्या पुस्तकांत यरुशलेमेचा पडलेला कोट बांधल्याची कथा आहे. तेथें पुष्कळांनीं आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला अशी नोंद सांपडते. सबंध कोट कोणा एकाच्या शक्तीबाहेरचा होता. पण घरासमोरची खिंड कोणाच्याच शक्तीबाहेरची नव्हती. आणि एकानें जरी आपली खिंड तशीच ठेविली असती, तरी शत्रूला तेवढी पुरली असती.

मुलांनो, सुटींत घरीं गेल्यावर पहिल्याच दिवशीं आपल्या हौदाची, रांजणाची व टाकीची झांकणें तपासा. पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलानें भोंक दाखविलें तर रागावूं नये. आम्हांसही एका मुलानेंच तें दाखविलें, आणि त्याचे आम्ही आजही ऋणी आहों.