शंकू, सरकी आणि काळी माती

मी वाङ्मयाची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्रावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. परंतु घरी केलेला एक प्रयोग फसला आणि तो का फसला हे शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडावेसे वाटते.

माझा थोरला भाऊ सैन्यात आहे. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो कुमाऊँहून सुटीवर अकोल्याला आला, तेव्हा त्याने चीड वृक्षाचा एक शंकू आणला. वीतभर लांबीचा, जड, लाकडी आणि खवले घट्ट मिटलेला. मी तो पुस्तकांच्या फळीवर ठेवला. एप्रिलच्या उन्हात खवले हळूहळू उघडले आणि एकेक पंख असलेले बी फळीवर पडले. पुढे पावसाळ्यात तोच शंकू पुन्हा मिटला! मला वाटले, तो अजून जिवंत आहे.

पहिल्या पावसानंतर शेतातली काळी माती कुंडीत भरून मी ते बी पेरले. तीन आठवड्यांत कोंब आले. आपल्या सरकीच्या कोंबाला दोन दले असतात. ह्यांना छत्रीच्या काड्यांसारखी दहा-बारा होती. घरात कौतुक झाले. पण भाद्रपदापर्यंत सगळे कोंब बुडाशी कुजून आडवे झाले. आजी म्हणाली, “सरकी टोबल्यावानी टोबलं तुनं, पन हे पऱ्हाटी नोहे माय!”

अमरावतीला परतल्यावर वनस्पतिशास्त्राच्या सरांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी आजीचेच वाक्य धरून मला धडा दिला.

पऱ्हाटीला फूल येते, फुलाचे बोंड होते आणि सरकी त्या बोंडात झाकलेली असते. म्हणून ती आवृतबीज वनस्पती. चीड, देवदार यांना खरे फूल नाही आणि फळही नाही. त्यांचे बी शंकूच्या खवल्यावर उघडेच बसते. म्हणून ती प्रकटबीज. एकाच झाडावर दोन प्रकारचे शंकू येतात. नर-शंकू लहान आणि झुपक्यांनी येणारे. वसंतात त्यांतून गंधकासारखी पिवळी धूळ उडते, ते पराग. प्रत्येक परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. भुंगा नको, मधमाशी नको, वारा पुरतो. मादी-शंकूच्या खवल्यावर बीजके असतात, म्हणजे पुढे ज्यांचे बी होते ती. बीजकाच्या तोंडाशी एक चिकट थेंब येतो. त्यात पराग अडकतो आणि थेंबाबरोबर आत ओढला जातो. मग खवले मिटतात.

येथून खरी गंमत सुरू होते. फूल उमलल्यापासून बोंड फुटेपर्यंत पऱ्हाटीला दीड-दोन महिने पुरतात. चिडीत परागनलिका इतकी सावकाश वाढते की फलन व्हायलाच सुमारे एक वर्ष लागते आणि शंकू पिकायला दुसरे. शिवाय बाळाची शिदोरी, म्हणजे बियातला पुष्क, फलनाच्या आधीच तयार होऊ लागते. दिवाळीच्या सुक्या मेव्यातला चिलगोजा म्हणजे एका चिडीच्याच जातीचे बी. आपण खातो तो बहुतांशी हाच पुष्क.

शंकूच्या उघडझापीचे कारणही कळले. तो जिवंत नव्हता. खवल्याच्या आतल्या-बाहेरच्या बाजू ओलाव्याने सारख्या फुगत नाहीत, म्हणून तो दमट हवेत मिटतो व कोरड्या हवेत उघडतो. पंखाचे बी कोरड्या वाऱ्यातच दूर जाते.

मग माझे कोंब का मेले? एक तर आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि चिडीला निचऱ्याची जमीन लागते. दुसरे असे की, चिडीच्या मुळांवर एक विशिष्ट बुरशी राहते. ती मातीतले क्षार मुळांना पोचवते आणि झाड तिला साखर देते. ज्या देशांत पाइन नव्हते तेथे लागवडी फसल्या, तेव्हा पाइनच्या जंगलातली मूठभर माती आणून घातल्यावर रोपे तगली. मी बी आणले, पण त्याचा सोबती आणलाच नव्हता.

तर मग विदर्भाच्या मातीला शंकू परकाच का? तसेही नाही. नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हाच्या थरांमधील खडकात दगड झालेले शंकू सापडले. बिरबल साहनींनी १९३१ साली त्यांतल्या एकाला ‘टाकलिओस्ट्रोबस’ असे नाव दिले. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्याच काळातल्या लाव्हाचा खडक झिजून आपली काळी माती झाली आहे. आणि आजही अंगणातली मोरपंखी, जिची डहाळी आपण ‘विद्या’ म्हणून पुस्तकात ठेवत होतो, ती शंकुधारीच आहे. तिची शिंगे असलेली निळसर हिरवी बोंडे नीट पाहा. ते शंकू आहेत.

गेल्या वर्षी दादाने बियाबरोबर पिशवीभर मातीही आणली. ती मुरूम व रेतीत मिसळून मी पुन्हा पेरले. दोन रोपे अकोल्याचा उन्हाळा सावलीत काढून उभी आहेत. त्यांना शंकू धरायला अनेक वर्षे लागतील, हे आता मला ठाऊक आहे. आजी मात्र रोज विचारते, “बोंड कवा लागते वं?”