कार्ड गावचे, धान्य फडावर

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आणि पुढचे पाच-सहा महिने मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडावर, पालात.

अशाच एका तोडकरी बाईने फडावरच्या गावात रेशन मागितले. कार्ड दुसऱ्या जिल्ह्याचे आहे, इथे चालत नाही, असे सांगून दुकानदाराने तिला परत पाठवले. मग ज्वारी-तांदूळ किराणा दुकानातून उधारीवर आले आणि ती उधारी उचलीत मिळवली गेली. महिनाअखेरीस भाकरी मोजून वाढावी लागे. आधी मुलांना, मग नवऱ्याला, उरली तर तिला. पहाटे पुन्हा मोळी डोक्यावर.

दुकानदाराचे म्हणणे चुकीचे होते.

प्राधान्य किंवा अंत्योदय कार्ड कोणत्याही गावचे असो, धान्य कुठल्याही रेशन दुकानातून मिळते. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून सुरू झालेली 'एक देश, एक रेशन कार्ड' ही सोय आता देशभर लागू आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला 25 किलो धान्य म्हणजे तेवढी उधारी कमी.

हे तिला पुढच्या हंगामात कळले. आता निघण्याआधी काय करायचे, ते ती टोळीतल्या बायकांना सांगते. कार्डावरच्या प्रत्येकाचे आधार जोडलेले आणि ई-केवायसी झालेले असावे. बारा अंकी रेशन कार्ड क्रमांक लिहून जवळ ठेवावा. सासू-सासरे गावी राहणार असतील तर थोडे धान्य तिथे, बाकीचे फडावर, असेही उचलता येते. अंगठा लावला की पावती मागावी आणि तिच्यावरचे किलो पिशवीतल्या धान्याशी ताडून पाहावेत.

लेकरे सहा वर्षांच्या आतली असतील किंवा बाई गरोदर, अंगावर पाजणारी असेल, तर मुक्कामाच्या गावातल्या अंगणवाडीत नाव घालावे. तिथला आहार हाही अन्न सुरक्षा कायद्यानेच दिलेला हक्क आहे.

कोणी नकार दिला, तर तिथूनच 1967 वर फोन करा. तेवढ्याने भागले नाही, तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.