बाळंतिणीची शुश्रूषा : परंपरेतील राखावे काय, टाकावे काय

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. त्या पुनर्जन्मानंतरचा सव्वा महिना कसा काढावा, याचे एक अलिखित शास्त्र महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सासूने ते सुनेला सांगितले, आईने लेकीला सांगितले. पाठ्यपुस्तकांत मात्र त्याला क्वचितच जागा मिळाली. आमच्या विद्यार्थिनींवर, आणि विद्यार्थ्यांवरही, उद्या घरातील बाळंतिणीची शुश्रूषा करण्याची जबाबदारी येणार आहे. म्हणून या शास्त्राची परीक्षा प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. जुने म्हणून सारेच खरे नसते आणि जुने म्हणून सारेच टाकाऊही नसते.

परीक्षेला आधी कसोटी हवी. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे १ किलो असते. सहा आठवड्यांत ते आकुंचन पावून १०० ग्रॅमांच्या आत येते. वार जेथून सुटते तेथे गर्भाशयाच्या आत एक मोठी जखमच असते. ती भरून येईपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे अंगावरून जात राहते. सव्वा महिन्याची जुनी मुदत या क्रियेशी बऱ्याच अंशी जुळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या काळात मातेला तीन गोष्टी लागतात : पुरेसे अन्न, काटेकोर स्वच्छता आणि विश्रांती. प्रत्येक उपचार या तीन कसोट्यांवर घासून पाहू.

अन्न

अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओले खोबरे व गूळ घालून केलेले लाडू. डिंक, खारीक, सुके खोबरे व खसखस यांचे लाडू. मेथी, तीळ, सुंठ, बाजरीची भाकरी, लसूण, हुलग्याचे कढण, जेवणानंतर भाजलेला बाळंतशेपा व ओवा, हा बाळंतिणीचा परंपरागत आहार. यातून उष्मांक, प्रथिने, लोह आणि कॅल्शियम मिळते. अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. तेव्हा हा भाग अवश्य राखावा. अळीव किंवा पालेभाजीबरोबर लिंबू वा आवळा घ्यावा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणालगतचा चहा त्याला अडथळा करतो. मात्र लाडूंनी गोळ्यांचे काम होत नाही. बाळंतपणानंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घ्यावयाच्या असतात व त्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

काही पथ्ये मात्र मोडलीच पाहिजेत. ‘पाणी प्यायल्याने पोट सुटते’ म्हणून बाळंतिणीला तहानलेली ठेवणे, वरण, भाजी व फळे बंद करणे हे हानिकारक आहे. शतावरीने दूध वाढते असे मानतात. परंतु दूध वाढण्याचे मुख्य कारण बाळाचे वारंवार चोखणे हे होय. बाळंतकाढेही आपल्या मनाने घेऊ नयेत. दशमूलारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेमुळे मद्यार्क तयार झालेला असतो, म्हणून वैद्यांचा सल्ला आवश्यक आहे.

गायीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. आईचे पहिले चिकाचे दूध मात्र पिळून टाकतो व बाळाला मध चाटवतो. हा केवढा विरोधाभास! चिकाचे दूध ही बाळाची पहिली लसच होय. जन्मानंतर तासाभरात ते पाजावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये. मध तर वर्षभर वर्ज्य आहे.

स्वच्छता

इ. स. १८४७ मध्ये व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतीपूर्वी हात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने धुण्याचा नियम केला आणि प्रसूतिज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडे ज्याला बाळंतरोग म्हणत, त्यातील बराचसा भाग असा जंतुसंसर्गाचाच होता. गरम पाण्याची आंघोळ, उन्हात वाळवलेले स्वच्छ कपडे, टाक्यांसाठी उकळून कोमट केलेल्या पाण्याचा शेक, हे सारे हितकर. तेलाच्या मालिशने कंबर व पाय हलके होतात. परंतु पोट चोळू वा दाबू नये आणि शस्त्रक्रियेच्या जखमेला तेल लावू नये. पोटपट्ट्याने कंबरेला आधार मिळतो. तो सैलसर असावा.

बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे मात्र घातक आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. धुरीने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. बाळाच्या नाळेवर शेण, राख वा हळद लावू नये. ती कोरडीच ठेवावी. अस्वच्छ पाते आणि शेण यांमुळे धनुर्वाताने कितीएक बालके दगावत. लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांमुळे २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले.

विश्रांती

सर्वांत गुणकारी उपचार विश्रांती हा आहे, आणि तोच सर्वांत विषमपणे वाटला गेला. ज्या घरात तूप-डिंक होते तेथे सव्वा महिना पाळला गेला; ज्या घरची बाई मजुरीवर जगत होती, ती आठ-दहा दिवसांत बाळ झोळीत टाकून बांधावर उभी राहिली. तिला पथ्य ठाऊक नव्हते असे नाही; तिला ते परवडत नव्हते. म्हणूनच १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. केंद्रीय कायदा आता २६ आठवड्यांची पगारी रजा देतो. परंतु शेतमजूर स्त्री व्यवहारात आजही त्याच्या बाहेरच आहे. तिची विश्रांती घरच्यांनी राखली पाहिजे. पाणी भरणे, धुणे, स्वयंपाक ही कामे पतीने, दिराने, भावाने केली तर तो मोठाच औषधोपचार होय.

घरगुती उपचार कोठे थांबवावेत?

तासाभरात घडी भिजेल एवढा रक्तस्राव, १००.४ अंशांवरील ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एका पोटरीला सूज व वेदना, धाप, यांपैकी काहीही दिसल्यास काढा करीत बसू नये. १०८ वर दूरध्वनी करावा. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी, रडू येणे, बाळाविषयी मन न लागणे हा ‘बाहेरचा वारा’ नव्हे. तो आजार आहे व त्यावर उपचार आहेत. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना मोकळेपणाने सारे सांगावे.

विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर आजी-आत्यांकडून त्यांच्या बाळंतपणाची माहिती विचारून वहीत लिहावी व प्रत्येक उपचारासमोर अन्न, स्वच्छता, विश्रांती यांपैकी तो कशास उपकारक अथवा मारक, ते नोंदवावे. त्याच पानावर आणखी एक प्रश्न लिहावा : बाळंतपणानंतर आजी कितव्या दिवशी कामाला लागली? त्या उत्तरात आपल्या समाजाचा बराचसा इतिहास सापडेल, असे आम्हांस वाटते.