खोली सरकारची, कागद आपले

बाळा, डिलाईल रोडच्या खोलीचा कारभार आता तुझ्याकडे आला, तेव्हा चार गोष्टी कानावर घालतो.

आधी पागडीवाल्यांचे सल्ले घेणं बंद कर. गिरगाव-लालबागच्या खासगी चाळीतल्या भाडेकरूला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा आधार आहे. मालक त्याला सहजासहजी हलवू शकत नाही, आणि पागडी घेऊन हक्क सोडायलाही त्याला मुभा आहे. आपली बीडीडी चाळ १९२० च्या दशकात सरकारने बांधली, ती आजही सरकारचीच. सरकारी जागेला तो कायदा लागूच होत नाही. भाडं नाममात्र आहे म्हणून १६० चौरस फूट आपल्या बापाचे झाले असं समजू नकोस.

आपल्या हातात काय आहे? भाडेपावती आणि वहिवाट. पावती महिन्याच्या महिन्याला फाड. चार पैशांचं भाडं, कधीही भरू, म्हणून लोक थकवत जातात. मग नावाची नोंद करायला गेलं की टेबलावरचा माणूस सगळ्यात आधी थकबाकीच काढतो. हल्ली मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीची शाई वर्षा-दोन वर्षांत उडते. घरी यायच्या आधी खालच्या दुकानात तिची झेरॉक्स काढायची आणि दोन्ही एकत्र लावायच्या. जुन्या पावत्यांना लॅमिनेशन मात्र करू नकोस. शिक्का खरा की खोटा ते बघता येत नाही म्हणून कुरकुरतात.

आता नावाचं. पावती अजून आबांच्या नावावर आहे. आबांनंतर दादा, दादांनंतर तू, अशी साखळी कागदावर जुळली पाहिजे. आबा रेशनकार्डावर ‘धोंडू’, पावतीवर ‘धोंडिराम’ आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसते ‘धोंडी’. माणूस एकच, पण कागदावर तिघे. प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेव. माझी आणि आत्याची ना हरकतही आताच घे. आज आमच्यात गोडीगुलाबी आहे आणि आम्ही दोघं हयात आहोत. पुनर्विकासातला पाचशे फुटांचा फ्लॅट समोर दिसायला लागला की सख्खी भावंडं तोंड फिरवतात; चाळीत किती घरं अशी फुटलेली पाहिलीत, विचारू नकोस.

खोली बंद ठेवू नकोस. बेस्टच्या बिलात महिनोन्‌महिने शून्य युनिट दिसले की इथे कोणी राहत नाही असा अर्थ निघतो. पडताळणीला माणसं येणार असं कळलं की रजा टाक, दाराला कुलूप दिसता कामा नये. गावाहून कोणी नोकरी शोधायला आला तर खुशाल ठेव. गिरण्यांच्या काळात एकेका खोलीत पंधरा-वीस गाववाले पाळ्यांप्रमाणे झोपत, म्हणून तर आपली घरं उभी राहिली. पण त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही आणि आपला पत्ता त्याच्या आधारवर चढू द्यायचा नाही. पोटभाडेकरू ठेवला हे निमित्त सरकारला पुरेसं आहे. स्टँपपेपरवर नोटरी करून खोली विकतो-घेतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नकोस.

पुनर्विकासाचं काय, ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. आपला नंबर येईल तेव्हा म्हाडाशी होणारा करार नोंदणी झालेलाच घे आणि त्याची प्रत हातात पडेपर्यंत खोलीची चावी देऊ नकोस. करारात खोली क्रमांक, चाळ क्रमांक, नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून वाच, घाई करतील तरी. कोऱ्या कागदावर सही नाही, मग समोर चाळ कमिटीचा माणूस का असेना.

टॉवरमध्ये घर फुकट मिळतं, पण राहणं फुकट नसतं. लिफ्ट, पंप, वॉचमन, जिन्यातले दिवे, या सगळ्याचं बिल आज ना उद्या दारात येणारच. चाळीत नळाला पाणी यायच्या वेळेला उठलं की भागत होतं. तिथे मेंटेनन्स थकला की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नाव लागेल. खोलीच्या भाड्यात आज जे वाचतं ते पोस्टात रिकरिंगला टाकायला लाग, रक्कम कितीही लहान असो. सूनबाईच्या नावावर टाक, तुझ्या हाताला भोक आहे.

माझी सही तर मी आज देतो. आत्याला चिपळूणला फोन कर, पण रात्री नऊनंतर. दिवसा ती फोन उचलत नाही.