आश्रित बालकें व तंबाखूचा धूर

ज्या बालकास आईबाप नाहींत, किंवा असूनही त्यांच्या हातून ज्याचें पालन होऊं शकत नाहीं, त्यास कांहीं काळ दुसऱ्या कुटुंबांत ठेवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. असें कुटुंब निवडतांना त्या माणसांचें शील, ममता व सांपत्तिक स्थिति पाहिली जाते. त्या घरांतील हवा कशी आहे हेंही तितक्याच काळजीनें पाहिलें पाहिजे, असें आमचें सांगणें आहे.

विडी किंवा सिगारेट ओढणारा मनुष्य जो धूर सोडतो, त्याहून अधिक धूर तिच्या जळत्या टोंकापासून हवेंत मिसळतो. तंबाखूच्या धुरांत ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्यें असून त्यांपैकीं सुमारें ७० कर्करोगकारक आहेत. मुलांचीं फुप्फुसें वाढत असतात व त्यांचा श्वास मोठ्या माणसांहून जलद चालतो. यास्तव दमा, कानाचे विकार व फुप्फुसदाह यांचा उपद्रव त्यांस अधिक होतो. तान्ह्या मुलांच्या आकस्मिक मृत्यूचेंही हा धूर एक कारण आहे. “आम्ही खिडकी उघडून ओढतों,” असें पुष्कळ लोक सांगतात. परंतु अमेरिकेच्या सर्जन जनरलनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें या धुराचें निरुपद्रवी असें प्रमाणच नाहीं, आणि खिडक्या उघडल्यानें किंवा ओढणारास वेगळें बसविल्यानें तो पूर्णपणें टळत नाहीं.

इंग्लंडांत १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागीं, व १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालील मूल बसलेल्या बंद मोटारींत धूम्रपानास मनाई झाली. खासगी घराच्या उंबरठ्याशीं मात्र कायदा थांबतो. तरी आश्रित मुलांची जबाबदारी तेथील स्थानिक संस्थांवर असल्यामुळें, पांच वर्षांखालील किंवा श्वासाचा विकार असलेलें मूल धूम्रपान करणाऱ्याच्या घरीं ठेवूं नये, असें धोरण त्यांपैकीं पुष्कळांनीं स्वीकारलें.

येथें कोणी विचारील कीं, मायाळू घरें आधींच थोडीं. केवळ धुरासाठीं एखादें सज्जन कुटुंब नाकारावें काय? ही शंका रास्त आहे. ज्या घरीं मुलाचा जीव जडला, तेथून त्यास हलविणें हीही हानिच होय. म्हणून तान्ह्या व दुखणाईत मुलास निर्धूर घरच शोधावें; जेथें मूल रुळलें आहे, तेथें पालकानें घरांत व वाहनांत कधींही न ओढण्याचा नियम पाळावा, आणि व्यसन सोडण्यास त्यास साहाय्य मिळावें.

आपल्या देशांतही २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ४४ व्या कलमांत मुलांस अशा कुटुंबांत ठेवण्याची तरतूद आहे. त्याच अधिनियमाच्या ७७ व्या कलमान्वयें मुलास तंबाखूचे पदार्थ देणारास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मुलाच्या हातीं विडी देणें जर एवढा मोठा अपराध, तर तिचाच धूर त्याच्या श्वासांत मिसळूं देणें निर्दोष कसें मानावें?

पोटचें मूल बापास हट्टानें “बाहेर जाऊन ओढा” म्हणूं शकतें. आश्रित मुलास तें धैर्य होत नाहीं. निवारा देणाऱ्याचा दोष दाखविणें त्यास कृतघ्नपणा वाटतो. तें मुकाट्यानें खोकत राहतें. यास्तव, वाचकहो, त्याच्या वतीनें बोलण्याचें कर्तव्य आपणां सर्वांचें आहे.